कोहळ्याचे फूल का गळते?

इटियाडोहाच्या कालव्याकाठी वसलेल्या एका गावी गेल्या भाद्रपदात आमचा मुक्काम पडला असता, तेथील उपदेशक बंधूंनी आम्हास आपल्या परसात नेऊन कोहळ्याचा वेल दाखविला. वेल मांडवभर पसरलेला, पाने रुंद व हिरवीगार, आणि सकाळच्या प्रहरी पाहावे तर पिवळ्या फुलांनी मांडव भरून गेलेला. परंतु फळ म्हणावे असे एकही धरलेले नव्हते. लिंबाएवढी कोवळी कोहळी दिसत, आणि चार दिवसांत पिवळी पडून देठापासून गळून जात. मास्तरांनी शेणखत घातले होते, चुलीतली राख टाकली होती, कोणी सांगितले म्हणून वेलाचे शेंडेही खुडून पाहिले होते. "साहेब, वेल वांझ निघाला म्हणावे काय?" असे त्यांनी विचारले. आम्ही शेतकीचे पंडित नव्हे. तरी एवढे आम्हास ठाऊक होते की, वेल वांझ नसतो. त्या प्रश्नाचे उत्तर देता देता जे बोलणे झाले, तेच थोडे विस्ताराने येथे मांडीत आहो. कारण हा प्रश्न एका मांडवाचा नाही.

कोहळा, काकडी, कारले, दोडका, दुधी ह्या वेलांना दोन जातींची फुले येतात. काही नर, काही मादी. मादी फूल ओळखणे सोपे असते. त्याच्या बुडाशी पहिल्या दिवसापासूनच एक सानुले फळ असते. नर फूल नुसत्या लांब देठावर उभे असते, आणि त्याच्या पोटात पिवळी भुकटी असते, तिला पराग म्हणतात. हा पराग मादी फुलाच्या मुखाशी पोचला तरच ते सानुले फळ वाढीस लागते. न पोचल्यास ते गळते. आता कोहळ्याचा पराग जड व चिकट असल्यामुळे वाऱ्याने उडून जात नाही. तो कोणीतरी अंगाला लावून न्यावा लागतो. शिवाय कोहळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. म्हणजे हे सारे काम सकाळच्या चार-पाच तासांतच उरकले पाहिजे. दुधीची आणि दोडक्याची गोष्ट निराळी आहे. ती फुले सायंकाळी उमलतात व त्यांस संध्याकाळचे आणि रात्रीचे पतंग व किडे भेट देतात.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयापासून आम्ही आणि मास्तर त्या मांडवाखाली तासभर बसलो. मुंग्या पुष्कळ आल्या. एक मोठा काळा भुंगा आला, दोन फुलांत शिरला आणि निघून गेला. मधमाशी एकही आली नाही. तेव्हा आम्ही एक नर फूल तोडले, त्याच्या पाकळ्या काढल्या, आणि आतला परागाने भरलेला दांडा चार मादी फुलांच्या मुखांवरून हलकेच फिरविला. मास्तरांच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून हसत होत्या. पंधरा दिवसांनी मास्तरांचे पत्र आले की, चारांपैकी तीन कोहळी धरली आहेत. ज्या कोणाच्या परसात हीच अडचण असेल, त्याने ही युक्ती सकाळी नऊच्या आत करून पाहावी. तिला पैसा लागत नाही. परंतु एका घरचा माणूस एका मांडवापुरते माशीचे काम करील. अवघ्या शिवाराचे ते कोण करील?

वाचकांपैकी पुष्कळजण म्हणतील की, आमचे मुख्य पीक धान. त्याला माशीची काय गरज? आणि हे म्हणणे खरेच आहे. धानाचे फूल आपल्याच परागाने धरते, त्यास माशी लागत नाही. आमच्या मते ह्या भागात माशी कमी झाल्याचे कोणाच्या ध्यानात न येण्याचे हेच मोठे कारण आहे. कोठार भरते, म्हणून सर्व ठीक चालले आहे असे वाटते. घाटा होतो तो बायकांच्या परसबागेत, धुऱ्यावरच्या तुरीत, आंब्याच्या व जांभळाच्या झाडावर, सांबाराच्या आणि कांद्याच्या बियाण्यात. आणि त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. सगळ्या जगाचा विचार केला तर मुख्य अन्नपिकांच्या चार जातींपैकी तीन जाती थोड्याबहुत प्रमाणात तरी परागवाहक जीवांवर अवलंबून आहेत, असे २०१६ साली अनेक राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी मिळून सिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे. पोट भरण्यास गहू व तांदूळ पुरतात. ज्या जिनसांनी भाकरीला चव आणि अंगाला बळ येते, त्या फार करून ह्या जीवांच्या श्रमाच्या आहेत.

परागवाहक म्हणजे केवळ मधमाशी, असे मात्र कोणी समजू नये. नवेगावच्या रानात पळस फुलतो तेव्हा त्याच्या फुलांत चोच घालणारा शिंजीर नावाचा चिमुकला निळा-काळा पक्षी आणि फांद्यांवरून धावणारी खार हीच त्याचे पराग वाहतात. मोहाच्या झाडावर रात्री वटवाघळे येतात. गोड पाकळ्या खाताना त्यांच्या तोंडाला पराग लागतो व पुढल्या झाडावर जातो. मोहाचे फूल पडते ते आपण वेचून आणतो, आणि वटवाघूळ दिसले की दगड मारतो. परंतु ज्या बीपासून तेल निघते ती बी धरण्यात त्या प्राण्याचा मोठा हात आहे. तुरीवर मोठा काळा भुंगा आणि पाने कातरून घर बांधणारी एक एकलकोंडी माशी काम करतात. ह्यांपैकी कोणाचाही मध आपणास मिळत नाही, म्हणून त्यांची नावेदेखील आपण शिकलो नाही.

मधमाश्या आपल्याकडे मुख्यत्वे चार प्रकारच्या आहेत. आग्या सर्वांत मोठी व तापट. उंच सावरीला, अर्जुनाला किंवा धरणाच्या भिंतीला एकच मोठे उघडे पोळे लावते. ती पेटीत राहत नाही, ऋतूप्रमाणे गाव सोडून जाते आणि पुष्कळदा पुन्हा त्याच झाडावर परतते. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात अनेक समांतर पोळी बांधते. तिला पेटीत पाळता येते. फुलोरी झुडपात हाताच्या पंजाएवढे पोळे करते. आणि चौथी अगदी बारीक, नांगी नसल्यासारखी, भिंतीच्या भेगेत किंवा झाडाच्या पोकळीत राहणारी. ह्यांशिवाय परदेशातून आणलेली एक जात आहे. ती साठ वर्षांपूर्वी पंजाबात रुजविली गेली आणि आज व्यापारी मधपाळांच्या बहुतेक पेट्यांत तीच असते. तिचा मध पुष्कळ निघतो, पण तिला फुलांमागे पेट्या घेऊन गाडीने फिरवावे लागते. गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यातली माशी सातेरीच होय.

आता सरकारने ह्या बाबतीत काय केले ते पाहू. महाराष्ट्रात हे काम नवे नाही. महाबळेश्वर येथे मध संचालनालय १९४६ पासून आहे, व ते खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या ताब्यात आहे. पुण्यास मधमाश्यांच्या संशोधनाची व शिक्षणाची केंद्रीय संस्था १९६२ साली निघाली. मध्यवर्ती सरकारने २०२० साली राष्ट्रीय मधमाशीपालन व मध मोहीम काढून तिला तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठरविले, आणि पुढे तिची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढविली. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळ मांघर हे गाव आहे. तेथील बहुतेक घरे पिढ्यानपिढ्या माश्या पाळीत आली आहेत. १६ मे २०२२ रोजी त्या गावास 'मधाचे गाव' असे नाव देण्यात आले, व देशातील ते पहिलेच. पाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगाव आले, आणि २०२४ साली ही योजना राज्यभर नेण्याचे मंत्रिमंडळाने ठरविले.

खादी मंडळाची मधकेंद्र योजना आपल्या वाचकांस अधिक जवळची आहे. तीत पेट्या व साहित्याच्या किमतीपैकी अर्धा भाग सरकार देते व अर्धा आपण घालावयाचा असतो. शिक्षण देण्यात येते. आणि तयार झालेला मध ठराविक हमीभावाने विकत घेण्याची तजवीज आहे. साधा मधपाळ होण्यास अर्जदार साक्षर आणि अठरा वर्षांवरील असावा एवढीच मुख्य अट आहे. स्वतःची शेती असल्यास प्राधान्य मिळते. अर्ज गोंदियाच्या जिल्हा कार्यालयात करावा लागतो. शिक्षणापूर्वी, आपण हा धंदा खरोखर सुरू करू, असे बंधपत्र लिहून द्यावे लागते; तेव्हा केवळ पेटी फुकटाच्या भावात मिळते म्हणून कोणी सही करू नये.

हे सर्व चांगले आहे, आणि ते ज्यांनी केले त्यांचे आम्ही ऋण मानतो. पण आमचे मत स्पष्टच सांगावयाचे तर, पेटी हे माशीचे घर आहे, रान नव्हे. गाय दिली आणि कुरण दिले नाही, तर त्या दानाचे काय होईल? सातेरी आपल्या घरापासून साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत चारा शोधते. तेवढ्या वर्तुळात बारा महिने काही ना काही फुलत असेल, तर पेटी नसली तरी माशी ढोलीत राहील. आणि फुलत नसेल तर पेटी असूनही ती उडून जाईल, किंवा तिला साखरेचे पाणी पाजून जगवावे लागेल. आम्ही एका गृहस्थाच्या परसात पाच रिकाम्या पेट्या पाहिल्या आहेत. त्यांत कोंबड्या अंडी घालीत होत्या. त्या गृहस्थांचा दोष आम्ही काढीत नाही. त्यांनी शिक्षण घेतले होते, मेहनतही केली होती. त्यांच्या घराभोवती चहूकडे धान होते, आणि धानाच्या पलीकडेही धानच होते.

ह्या बाबतीत अमेरिकेतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तेथे मधमाश्यांच्या वसाहती दर हिवाळ्यात मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनी जून २०१४ मध्ये सर्व सरकारी खात्यांस आज्ञापत्र काढले, आणि मे २०१५ मध्ये एक योजना प्रसिद्ध झाली. तीत माश्यांची मर कमी करण्याचा संकल्प होता; परंतु त्याबरोबर असेही ठरविले होते की, पाच वर्षांत ७० लाख एकर जमीन परागवाहकांच्या राहण्याजोगी करावयाची किंवा सुधारावयाची. त्यासाठी सडकांच्या कडा, सरकारी इमारतींची आवारे व पडीक जमिनी ह्यांकडेही लक्ष देण्यास खात्यांना सांगितले. सारे संकल्प पुरे झाले असे नाही. एका स्थलांतर करणाऱ्या फुलपाखराची संख्या २०२० पर्यंत किती वाढावी ह्याचा जो आकडा धरला होता, तो गाठला गेला नाही. तरी हिशेब कशाचा धरला हे पाहण्यासारखे आहे. पेट्या किती वाटल्या हे न मोजता, फुलांची जमीन किती झाली हे त्यांनी मोजावयास घेतले. आपल्याकडेही २०१६ ते २०१९ ह्या चार वर्षांत राज्य सरकारने झाडे लावण्याची मोठी मोहीम चालविली. शेवटच्या वर्षीचा संकल्प ३३ कोटी झाडांचा होता. झाडे मोजली गेली. त्यांतील किती झाडे कोणत्या महिन्यात फुलतील, हा रकाना मात्र आमच्या पाहण्यात आला नाही.

आता इटियाडोहाकडे वळू. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदीवर हे धरण १९७० च्या सुमारास झाले, आणि त्याच्या कालव्यांनी गोंदिया, भंडारा व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील बांध्यांस पाणी दिले. ह्या पाण्याने किती घरांची उपासमार टळली हे वडील माणसांना विचारावे. त्या पाण्याविरुद्ध आमच्या तोंडून एक शब्दही निघणार नाही. तथापि पाणी आल्याने काय पालटले हे सांगणे अवश्य आहे. पूर्वी कार्तिकात धान कापणीस येई त्यापूर्वीच, ओल असताना, उभ्या धानात लाखोळी आणि जवस फेकून पेरीत. धान कापले की तीच बांधी पौष-माघात निळी होई; जवसाचे फूल निळे, लाखोळीचेही निळे, मध्ये मोहरीचा पिवळा पट्टा, घराजवळ सांबाराची पांढरी फुले. म्हणजे धान गेल्यावर रिकाम्या पडणाऱ्या जमिनीतच माशीला हिवाळाभर चारा मिळे, आणि तेथून ती आंब्याच्या मोहरावर, पुढे पळस, जांभूळ, करंज, अर्जुन अशी पावसाळ्यापर्यंत पोचे. कालव्याखालच्या पुष्कळ बांध्यांत आता त्या दिवसांत उन्हाळी धानाची रोवणी होते. निळी बांधी हिरवी झाली. माणसाला दोन पिके मिळाली, आणि माशीची साखळी मधेच तुटली. एका खात्याने पाणी देऊन नकळत जे काढून घेतले, ते दुसरे खाते पेटी देऊन परत करू पाहत आहे. दोघांची गाठ कधी पडली असेल असे आम्हास वाटत नाही.

तुडतुड्यावर मारावयाच्या औषधांचाही येथे विचार केला पाहिजे. धानाला माशी नको असली, तरी माशीला धानाचा पराग चालतो. धान निसवले की सकाळी उन्हे चढल्यावर लोंब्यांची फुले थोडा वेळ उघडतात, आणि त्याच वेळी माश्या तेथे येतात. नेमके तेव्हाच पंप पाठीवर घेऊन निघणारे लोक आहेत. फवारणी करणे भागच असेल तर ती ऊन कलल्यावर करावी. त्याने माशी वाचते, शिवाय फुलोऱ्यालाही इजा होत नाही. आणि पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाने नाकातोंडाला फडके बांधावे, हे सांगण्याची गरज पडू नये; पण पडते.

शेताबाहेर रान आहे, आणि ह्या भागावर त्या बाबतीत ईश्वराची मोठी कृपा आहे. इटियाडोहापासून जवळच नवेगावचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९७५ साली झाले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्पात आले. तेथील कायदा वाघासाठी झाला, पण त्याच्या आश्रयाने आग्याचे पोळे, भुंग्याचे लाकडातील बीळ आणि वटवाघळांची झाडेही सुरक्षित आहेत. उद्यानाबाहेरच्या रानाची गोष्ट तशी नाही. चैत्रात मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात, म्हणजे जमीन साफ होऊन फुले नीट दिसतात. कोणी तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे बहुतेकांना माहीत असते. पण त्या आगीत काय जळते हे माहीत नसते. एकट्या राहणाऱ्या कित्येक माश्या जमिनीत बोटभर खोल किंवा वाळक्या काटकीत अंडी घालतात. त्यांची पुढली पिढी त्या उन्हाळ्यात तेथेच निजलेली असते. झाडाखालची जागा खराट्याने झाडली, किंवा जुनी जाळी अथवा लुगडे अंथरले, तर मोह तितकाच मिळतो, आणि मातीही लागत नाही. दोन बायकांचे अर्ध्या दिवसाचे काम वाढते, हे आम्ही नाकारीत नाही.

आग्याचे पोळे काढण्याची रीत ह्याहूनही वाईट. दोन वर्षांमागे एका गावी, तलावाच्या पाळीवरील सावरीला लागलेले आग्याचे मोठे पोळे रात्री काढताना आम्ही स्वतः पाहिले. लांब बांबूला वाळक्या पानांचा टेंभा बांधून तो पोळ्याखाली धरला. ठिणग्या खाली पडू लागल्या, आणि हजारो माश्या त्या ठिणग्यांमागे धावून पंख जळून जमिनीवर पडल्या. मग सबंध पोळे तोडून खाली टाकले. त्यात वरच्या बाजूस मध होता, आणि खाली हातभर पसरलेली पिलांची घरे; ती पिळून निघालेला पांढुरका रस मधातच मिसळला. सकाळी आम्ही झाडाखाली गेलो तेव्हा पाय ठेवण्यास जागा नव्हती. काही माश्या अद्याप वळवळत होत्या. पोळे काढणारे म्हातारे बाबा तेथेच विडी ओढीत बसले होते. आम्ही म्हटले, "बाबा, पुढल्या वर्षी ह्या झाडावर माशी कोठून येईल?" ते म्हणाले, "साहेब, माशी कोनाची? जंगलाची. आज आपन नाही काढला, त उद्या दुसरा काढते." ह्या उत्तराला आम्हाजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते. तो मनुष्य दुष्ट नव्हता. ज्या वस्तूचा कोणी धनी नाही तिचा जो आधी हात घालील तो धनी, हा हिशेब त्याने केला; आणि त्याच्या आयुष्यभराच्या अनुभवाने तो खराही होता.

उत्तर आम्हास मागून सुचले, आणि ते कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध व मेण ही गौण वनोपजांत नाव घेऊन घातली आहेत. आणि ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या ग्रामसभेला ते वन राखण्याचा, त्यात काय करावे व काय करू नये हे ठरविण्याचा अधिकार आहे. म्हणजे "माशी कोणाची?" ह्याचे उत्तर आता, "ग्रामसभेच्या राखणीतील वनाची" असे देता येते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. त्यास हा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. तेथील लोकांनी हक्क मिळण्याच्या पुष्कळ आधीपासून आपसात अभ्यासमंडळे चालविली होती, आणि माशी न मारता मध कसा काढावा हाही त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. वर्ध्याकडेही ही रीत शिकविली गेली आहे. ती थोडक्यात अशी: अंगभर जाड पोशाख व तोंडावर जाळीचा बुरखा घालावा. जाळ न करता थोडा धूर द्यावा, म्हणजे माश्या बाजूला सरतात. मग पोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात जो मधाने फुगलेला जाड भाग असतो तेवढाच कापून स्वच्छ भांड्यात घ्यावा. पिलांच्या भागास हात लावू नये. माश्या तो कोपरा पुन्हा बांधतात, आणि हंगाम चांगला असल्यास त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. असा मध पिलांच्या रसाने नासत नाही, पुष्कळ दिवस टिकतो, आणि त्यास भाव अधिक मिळतो. हे काम पुस्तक वाचून मात्र कोणी करू नये. आग्याचा डंख जिवावर बेततो. शिकलेल्या माणसाबरोबर दोन हंगाम हिंडून मगच हात घालावा.

उपदेशक बंधूंना आमची विनंती एवढीच की, त्यांनी आपापल्या गावी एक वर्षाची वही ठेवावी. दर महिन्यास शिवारात, तलावाच्या पाळीवर, कालव्याच्या कडेला आणि रानात काय फुलले आहे, आणि त्यावर कोण येते, हे तीत लिहावे. शाळेतली पोरे हे काम हौसेने करतील. जो महिना कोरा राहील, त्या महिन्यात फुलणारे झाड कोणते, ते वडील माणसांस विचारावे. आमचा अंदाज असा की, कालव्याखालच्या गावांत पौष-माघाची पाने फार रिकामी निघतील, आणि रानाजवळच्या गावांत श्रावण-भाद्रपदाची. पौषाला उपाय म्हणजे, ज्या बांधीला उन्हाळी पाणी पोचत नाही तीत तरी जवस, लाखोळी व मोहरी पुन्हा पेरणे, आणि धुऱ्यावर सांबाराची एक ओळ. श्रावणाला धुऱ्यावरचा तीळ व परसातले वेल. पाळीवर आणि सडकेच्या कडेला झाडे लावण्याचे काम सरकारातून निघेल तेव्हा ग्रामसभेने गुलमोहराऐवजी करंज, जांभूळ, अर्जुन, बोर व मोह मागावे. रोपवाटिकेत जे तयार असते तेच पाठविण्याची खात्यांची रीत आहे. आधी मागितले नाही, तर नंतर कुरकुर करून उपयोग नाही.

आमच्या त्या मास्तरांनी अशी वही आश्विनात सुरू केली. परवा त्यांचे पत्र आले. त्यात लिहिले आहे की, तलावाच्या पाळीवरील अर्जुनाला आग्याचे एक पोळे लागले आहे, आणि ते ह्या वर्षी जाळू द्यावयाचे नाही असा ठराव मांडण्यास त्यांनी चौघांस तयार केले आहे. पाचवे ते म्हातारे बाबा. त्यांनी अद्याप होकार दिला नाही. मात्र जाळीचा बुरखा कोठे मिळतो व त्यास किती पैसे पडतात, एवढे विचारून गेले आहेत.